खेकड्याचं माहेर

मुलांनो, मुंबईहून पुण्याला जाताना गाडी कर्जतला थांबली की तुम्ही काय करता? बटाटेवडा घेता, हो ना? मीही लहानपणी तेच करायची. पण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वड्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते कान टवकारून बसतात. थोड्या वेळानं गाडीला मागून एक हलका धक्का बसतो. मग अण्णा समाधानानं मान डोलवून म्हणतात, "लागलं!"

काय लागलं? बँकर! घाट चढायला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं.

अण्णा रेल्वेत होते. १९६८ साली ते असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले आणि पहिली काही वर्षं कल्याणहून घाटात मालगाड्या नेणाऱ्या इंजिनांवर होते. त्यांचं सगळ्यात लाडकं इंजिन म्हणजे 'खेकडा'. तुम्ही ते पाहिलेलं नसणार. फार सुंदर होतं असं काही मी म्हणणार नाही. मध्ये ड्रायव्हरची खोली, पुढे एक लांब नाक आणि मागेही तसंच लांब नाक. तीन तुकडे एकमेकांना बिजागरीनं जोडावेत तसं अंग, त्यामुळे वळण आलं की इंजिन अंगातून वळायचं. चाकांना आडवे लोखंडी दांडे, आणि ते खालीवर व्हायला लागले की खरंच एखादा जाडजूड खेकडा पाय टाकत निघालाय असं वाटायचं. १९२८ पासून हे खेकडे आपल्याकडे आले आणि पुढे भोर घाटात मालगाड्या ओढू लागले. त्यांतला एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

आता गंमत ऐका. हा खेकडा मूळचा आपल्याकडचा नव्हेच! त्याचा आराखडा झाला स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर नावाच्या गावी. पहिली काही इंजिनं तिथेच बनली, बाकीची इंग्लंडमध्ये. आणि त्याच गावात, त्याच्या थोडं आधी, याच खेकड्याची थोरली बहीण जन्माला आली होती. आल्प्स पर्वतातला गोटहार्डचा घाट चढणाऱ्या त्या इंजिनाला तिथले लोक म्हणतात 'क्रोकोडिल'. म्हणजे मगर!

हे सगळं अण्णांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते मला पाठ झालं होतं. खरं सांगायचं तर, थोडा कंटाळाही आला होता.

२०२३ च्या जून महिन्यात मला कामासाठी झुरिकला जायचं होतं. काम संपल्यावर चार दिवस रजा काढून फिरायचं ठरवलं आणि अण्णांना आणि माझ्या बारा वर्षांच्या लेकीला बोलावून घेतलं. अण्णा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. जन्मात पहिल्यांदाच विमानात बसत होते. मी विचारलं, "अण्णा, स्वित्झर्लंडमध्ये काय काय बघायचंय?" मला वाटलं, बर्फ म्हणतील, तलाव म्हणतील. ते म्हणाले, "विंटरथूर."

झुरिकपासून विंटरथूर आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं. पहिल्या दिवशी आम्ही तिथेच गेलो. पण अण्णांच्या मनातला तो कारखाना आता राहिलेला नाही. त्या जागी नवी घरं, दुकानं, उपाहारगृहं झाली आहेत. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले ना, तसंच. मात्र त्या लोकांनी एक छान गोष्ट केली आहे. त्या वसाहतीचं नाव ठेवलंय 'लोकश्टाट', म्हणजे इंजिनांचं गाव, आणि तिथल्या इमारतींना जुन्या इंजिनांची नावं दिली आहेत. लाकडी सांगाड्याच्या एका भल्यामोठ्या इमारतीचं नाव तर चक्क 'क्रोकोडिल'!

"आजोबा, तुमच्या खेकड्याच्या माहेरी चाळ झाली!" लेक म्हणाली.

अण्णा हसले, पण परतीच्या गाडीत ते गप्प गप्प होते. शेवटी म्हणाले, "माहेर नाही तर नाही. थोरली बहीण जिथे राबली, तो घाट तरी बघू या."

आणि इथेच आमच्या घरात भांडण पेटलं.

कारण लेकीनं घरून निघतानाच एक गोष्ट ठरवून टाकली होती: यूंगफ्राऊ! तिथलं डोंगरावरचं स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंच, आणि तिथे जूनमध्येही बर्फात खेळता येतं. १९१२ सालापासून तिथे गाडी जाते. तिच्या वर्गातली एक मैत्रीण जाऊन आली होती आणि फोटो दाखवून दाखवून तिनं हिला पुरतं वात आणला होता. आमच्याकडे उरले होते तीन दिवस. त्यांतला एक परतीच्या तयारीचा, एका दिवशी मुसळधार पावसाचा अंदाज. म्हणजे फिरायला धड एकच दिवस. बर्फ की घाट?

"घाट काय बघायचा? आपल्याकडे आहे की खंडाळा!" लेक रडवेली होऊन म्हणाली. तसं तिचं बरोबरच होतं. अण्णा लगेच म्हणाले, "जाऊ दे गं, पोरीचं मन मोडू नको." आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला 'पुढच्या वेळी बघू' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी घाट म्हटलं. लेकीनं तोंड फुगवलं आणि त्या रात्री जेवताना ती एक अक्षर बोलली नाही.

घाटात शिरण्याआधी तिथल्या रेल्वेबद्दल थोडं सांगते. तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडेल.

परदेशी प्रवाशांसाठी तिथे एक पास मिळतो. तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा. तो घेतला की जवळजवळ सगळ्या आगगाड्या, बस आणि तलावातल्या बोटींतूनही फिरता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना आई किंवा वडील बरोबर असतील तर एका वेगळ्या कार्डावर फुकट! काही उंच डोंगरांवरच्या गाड्यांना मात्र जादा पैसे पडतात. स्टेशनवर तिकीट तपासणारं फाटक वगैरे काही नाही, सरळ जाऊन गाडीत बसायचं. तपासनीस गाडीत येतो आणि तिकीट नसेल तर भलामोठा दंड करतो. कुत्रीही गाडीतून जातात आणि मोठ्या कुत्र्याला तिकीट लागतं, बरं का!

तिथलं स्टेशनवरचं घड्याळ नीट बघा. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरनं ते १९४४ साली तयार केलं. त्याला नंतर बसवलेला लाल सेकंदकाटा गाडी सोडणाऱ्या माणसाच्या हातातल्या लाल थाळीसारखा दिसतो. हा काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बाराच्या आकड्यावर क्षणभर थबकतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा टुणकन पुढे उडी मारतो आणि हा पुन्हा पळू लागतो. त्यामुळे देशभरातल्या स्टेशनांवरची घड्याळं एकाच क्षणी मिनिट बदलतात. माझी लेक रुसलेली होती तरी चोरून तो काटाच बघत होती!

१९८२ पासून तिथलं वेळापत्रकही घड्याळासारखंच केलेलं आहे. म्हणजे एखादी गाडी आठ वाजून पाच मिनिटांनी सुटत असेल तर नऊ पाचला, दहा पाचला, अशी दिवसभर सुटत राहते. पाठ करायला किती सोपं! मोठ्या स्टेशनांवर बऱ्याच गाड्या एकाच सुमारास येतात आणि पाच-सात मिनिटांनी सुटतात, त्यामुळे एकीतून उतरून दुसरीत बसता येतं.

स्टेशनवर दोन मोठे छापील तक्ते लावलेले असतात, एक पिवळा आणि एक पांढरा. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. हे मी तुम्हाला इतकं ठासून का सांगतेय? कारण त्या दिवशी सकाळी ल्यूसर्न स्टेशनवर मी शहाणीनं पांढरा तक्ता वाचला! त्यातला फलाट क्रमांक बघून दोघांना घेऊन ऐटीत उभी राहिले. गाडी आली, सगळे उतरले, आणि ती रिकामीच उभी. ल्यूसर्न हे आपल्या बोरीबंदरसारखं शेवटचं स्टेशन आहे, गाड्या येतात त्याच तोंडानं परत जातात. आमची खरी गाडी चार फलाट पलीकडून निघून जाताना आम्हाला दिसली. एक मिनिटसुद्धा थांबली नाही. आधीच रुसलेली पोर, त्यात पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसायचं. अण्णांनी पिशवीतून भडंग काढलं आणि शांतपणे म्हणाले, "गाडीची चूक नाही. गाडी वेळेवरच गेली."

पुढची गाडी तांब्याच्या रंगाची होती. 'ट्रेनो गोटार्डो' तिचं नाव. २०२० च्या डिसेंबरपासून ही गाडी डोंगरावरच्या जुन्या मार्गानं जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण गोटहार्ड पार करायला आता दोन वाटा आहेत. एक जुनी, १८८२ सालची, डोंगर चढून जाणारी. दुसरी नवी, डोंगराच्या पायथ्यातून आरपार जाणारी, ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्याची. हा बोगदा २०१६ साली उघडला आणि तो जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा आहे. ५७ किलोमीटर म्हणजे किती? बोरीबंदरहून बोगद्यात शिरलात तर कल्याणच्या पुढे बाहेर याल! घाईतले प्रवासी साहजिकच खालच्या वाटेनं जातात. आम्ही जाताना वरून आणि येताना खालून असं ठरवलं होतं.

ल्यूसर्न सोडल्यावर पाणी आणि डोंगर यांची लपाछपी सुरू होते. फ्ल्युएलेनला तलाव संपतो. त्याच्या पुढचं आल्टडोर्फ हे विल्यम टेलच्या गोष्टीतलं गाव. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणारा टेल तुम्हाला माहीत असेलच. त्याचा पुतळा तिथल्या चौकात आहे. आम्ही मात्र उतरलो पुढे, एर्स्टफेल्डला.

एर्स्टफेल्ड म्हणजे तिथलं कर्जत! इथे सपाटी संपते आणि चढ सुरू होतो. पूर्वी इथेच जड गाड्यांना जादा इंजिनं लागायची. आणि स्टेशनाजवळ उघड्यावर, अण्णांची मगर उभी होती.

अण्णा पाच-सहा पावलं दूरच थांबले. मला वाटलं, धावत जातील. नाही. आधी त्यांनी चपलेतला खडा काढावा तसा पाय झटकला, चष्मा पुसला, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. वाकून दांडे बघितले. पुन्हा उलटे चालत आले. "नाक तेच," ते म्हणाले. "दांडे तसेच. हिची वीज वेगळी. आपल्याकडे दीड हजार व्होल्ट डीसी, हिची पंधरा हजार एसी. पण चाल तीच असणार."

ही मगर जन्मली तरी कशासाठी, ते सांगते. पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडला कोळसा मिळेनासा झाला. त्यांच्या जमिनीत फारसा कोळसा नाही. पण डोंगरातून धो धो कोसळणारं पाणी आहे! मग त्या पाण्यावर वीज तयार करायची आणि विजेवर गाड्या चालवायच्या असं त्यांनी ठरवलं. गोटहार्डच्या डोंगरी वाटेवर १९२० साली विजेची गाडी धावू लागली. आपल्या घाटातही फार उशीर झाला नाही. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आली.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा आमच्याजवळ थांबले. त्यांना इंग्रजी अगदी जेमतेम. अण्णांना जर्मन शून्य. अण्णांनी पाकिटातून एक पिवळा पडलेला फोटो काढला: लोको शेडसमोर खेकडा आणि त्याच्या पायरीवर उभे असलेले तरुण अण्णा. त्या आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग मगरीकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. "क्रोकोडिल?" त्यांनी विचारलं. "खेकडा," अण्णा म्हणाले आणि हाताच्या नांग्या करून दाखवल्या. आजोबा खो खो हसले.

मग अण्णांनी लेकीची वही मागून घेतली आणि तीत लिहिलं, १ : ३७. म्हणजे भोर घाटात ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. त्या आजोबांनी मान हलवली आणि खाली आपल्या पद्धतीनं लिहिलं, २६-२७, आणि पुढे तीन शून्यांचं चिन्ह. म्हणजे हजार मीटरला सव्वीस-सत्तावीस मीटर चढ. दोघंही माझ्या लेकीकडे बघू लागले. तिनं रुसवा विसरून भागाकार मांडला. एक हजार भागिले सदतीस. उत्तर आलं सत्तावीस, आणि वर अगदी किंचित.

"सेम आहे!" ती ओरडली. "आजोबा, दोन्ही घाटांचा चढ सेम आहे!"

तुम्हीही करून बघा. हे का होतं, तेही सांगते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, त्यामुळे फार चढ असेल तर ते जागच्या जागी घसरतं. म्हणून साध्या रुळांवरून जड गाड्या न्यायच्या तर इंजिनिअरला चढ असाच बेतानं ठेवावा लागतो, मग डोंगर सह्याद्री असो की आल्प्स.

पण डोंगर तर चढाहून उभा असतो, मग काय करायचं? वाट लांबवायची. आपल्या घाटात १८६३ साली त्यांनी खंडाळ्याजवळ एक युक्ती केली होती. गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची आणि मग उलट दिशेनं पुढचा चढ चढवायचा. ते 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ साली बंद झालं. गोटहार्डवाल्यांनी दुसरी युक्ती केली. त्यांनी डोंगराच्या पोटातच गोल बोगदे खणले, स्क्रूच्या आट्यांसारखे! गाडी बोगद्यात शिरते, आतल्या आत गरकन फिरते आणि शिरली होती त्याच्या वरच बाहेर येते.

आत फिरतोय हे कसं कळणार? अण्णांनी किल्लीला दोरा बांधून ती लेकीच्या हातात दिली. एर्स्टफेल्डहून पुढच्या गाडीत बसल्यावर पहिल्या गोल बोगद्यात शिरलो, तर किल्ली किंचित एका बाजूला कलली आणि दीड किलोमीटर तशीच कललेली राहिली. म्हणजे सगळा वेळ एकाच बाजूला वळण!

आणि मग आलं वासेनचं देऊळ. म्हणजे चर्च हो, टेकाडावरचं एक पांढरं, छोटंसं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा उंच डोक्यावर होतं. "एक!" लेक म्हणाली. गाडी बोगद्यात गेली, बाहेर आली. देऊळ आता खिडकीच्या समोर, जवळजवळ बरोबरीला. "दोन!" ती उठून पलीकडच्या खिडकीकडे धावली. पुन्हा बोगदा, पुन्हा उजेड. आता देऊळ खाली, खेळण्यातल्या घरासारखं. "तीन! आई, आपण गेलोच नाही कुठे, नुसते वर आलो!" शेजारच्या बाकावरची एक बाई हसून तिच्याकडे बघत होती. त्या देशातली लहान मुलंही हे देऊळ असंच मोजत मोठी होतात म्हणे.

एर्स्टफेल्डपासून गोशेनेनपर्यंत गाडी सहाशे मीटरहून जास्त वर चढते. आपल्या कर्जत-लोणावळ्याहून थोडं जास्तच. गोशेनेनला डोंगराची भिंत समोर उभी ठाकते आणि गाडी तिच्यात शिरते. हा जुना गोटहार्ड बोगदा १५ किलोमीटरचा, म्हणजे बोरीबंदर ते कुर्ला. आज तो दहा मिनिटांत संपतो. खणायला मात्र जवळजवळ आठ वर्षं लागली होती, तीही दोन्ही बाजूंनी एकदम काम करून.

लुई फाव्र नावाच्या ठेकेदारानं हे काम अंगावर घेतलं होतं. उशीर झाला तर जबर दंड, अशी अट होती. आत असह्य उकाडा, डोंगरातून फुटणारं पाणी, सुरुंगांचा धूर. १९ जुलै १८७९ ला बोगद्यातच त्याचं निधन झालं. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूचे खणणारे मध्यावर भेटले. भिंतीला पहिलं भोक पडलं तेव्हा त्यातून सगळ्यात आधी पलीकडे सरकवली ती एक डबी, आणि तिच्यात होतं फाव्रचं छायाचित्र. दोन्ही बोगद्यांची चूक किती निघाली असेल? आडवी फूटभर आणि उभी जेमतेम दोन इंच!

बोगद्याच्या पलीकडचं स्टेशन आयरोलो. अलीकडे पावसाळी ढग होते, इथे लख्ख ऊन. अलीकडे गाडीत 'नेख्श्टर हाल्ट' म्हणत होते, इथे 'प्रोस्सिमा फेर्माता'. एका बोगद्यानं भाषा जर्मनची इटालियन झाली होती. आम्ही उतरलो, कारण तिथे एक शिल्प आहे. विन्चेन्झो वेला या तिकडच्याच शिल्पकाराचं ते काम, कामात मेलेल्या मजुरांसाठी केलेलं. काही खाणकामगार आपल्या मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवर घालून नेताहेत. बोगद्याच्या कामात दगावलेल्यांचा अधिकृत आकडा आहे १९९. बहुतेक सगळे इटलीहून पोटासाठी आलेले.

अण्णांनी टोपी काढली. बराच वेळ उभे राहिले. मग लेकीला म्हणाले, "आपल्या घाटात कितीतरी जास्त मेले, बाळ. हजारोंनी. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी."

"मग त्यांचं असं कुठे आहे?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणाले, "मी चौतीस वर्षं तिथून गाड्या नेल्या. मला तरी दिसलं नाही."

त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. ऊन छान होतं. बाकावर बसून उरलेलं भडंग खाल्लं, स्टेशनाबाहेरच्या कारंज्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं. तिथल्या कारंज्यांचं पाणी सहसा पिण्याचंच असतं, नसेल तर तशी पाटी असते. मग बेलिन्झोनाला गेलो आणि तिथून परतीची जलद गाडी धरली, खालच्या वाटेची.

ते ५७ किलोमीटर कसे होते, असं विचाराल तर मला काही सांगताच येणार नाही. खिडकीत काळोख आणि आपलेच चेहरे. डोक्यावर काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जास्त जाडीचा खडक आहे आणि आतला खडक पंचेचाळीस अंशांपर्यंत तापलेला असतो, हे वाचलेलं होतं म्हणून थोडं थरारल्यासारखं झालं, एवढंच. वीस मिनिटांत पार! अण्णा चक्क झोपले होते. लेकीनं मात्र वही काढून हिशेब केला की जाताना वाटेत तीन देवळं दिसली आणि येताना एकही नाही. "तीन नाही, एकच," मी म्हटलं. "तीन!" ती ठामपणे म्हणाली.

यूंगफ्राऊ राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी अंदाजाप्रमाणे पाऊस पडला. आम्ही छत्र्या घेऊन ल्यूसर्नच्या लाकडी पुलावर हिंडलो. ती अजूनही त्या बर्फावरून मला टोमणे मारते, आणि मी ते निमूटपणे ऐकून घेते.

आम्ही परत आलो आणि दोन महिन्यांतच, १० ऑगस्ट २०२३ ला, त्या नव्या बोगद्यात एका मालगाडीचे डबे घसरले. सुदैवानं कुणी दगावलं नाही, पण आतले रूळ कित्येक किलोमीटर उखडले गेले. सगळं पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर प्रवाशांच्या बऱ्याच गाड्या गेल्या कुठून? जुन्या वाटेनं! जलद गाड्या पुन्हा डोंगर चढू लागल्या, प्रवासाला तासभर जास्त लागू लागला, आणि वासेनचं देऊळ पुन्हा गर्दीनं बघितलं.

बातमी वाचून मी अण्णांना फोन केला. त्यांना ती आधीच कळली होती. नातीनं सांगितली होती. ते आधी काही बोलले नाहीत. मग हळूच विचारलं, "मग काय गं, मालगाड्या जड असतात... एर्स्टफेल्डला मगर बाहेर काढली का त्यांनी, ढकलायला?"